तुसावरून दाणा, कवचावरून जंतू

आवणीचे दिवस आहेत. डहाणू-तलासरीत सध्या आपण बाया दिवसभर चिखलात वाकून काम करतो. संध्याकाळी अंग दुखतं, कणकण येते आणि आपण म्हणतो, "दमल्यामुळं आलाय ताप, जाईल दोन दिवसांत." पण या दिवसांतला प्रत्येक ताप दमणुकीचा नसतो. तो लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो. हा आजार ओळखायला प्रयोगशाळेत एक प्रथिन कसं उपयोगी पडतं, ते आज समजून घेऊ या.

हा आजार लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूमुळं होतो. उंदीर, घुशी, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून तो पाण्यात आणि चिखलात उतरतो. पायाच्या भेगा, चिखल्या, खरचटलेली जागा यांतून तो आपल्या अंगात शिरतो. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत याचे बरेच रुग्ण आढळले होते. भातशेतीत राबणाऱ्यांनाही त्याचा धोका असतो.

भाताच्या दाण्याला जसं तूस, तसं या जंतूला बाहेरून पातळ आवरण असतं. त्या आवरणात प्रथिनं असतात. आपण तूस पाहून भाताचं वाण ओळखतो, तसं आपलं शरीर या प्रथिनांवरून जंतू ओळखतं आणि त्याच्याशी लढणारे घटक रक्तात तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. लेप्टोच्या आवरणातलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे लिप-एल-32. ते आजार करणाऱ्या लेप्टो जंतूंमध्ये भरपूर असतं. पाण्यात राहणाऱ्या निरुपद्रवी लेप्टो जंतूंमध्ये ते नसतं. म्हणून ओळख पटवायला ते चांगलं.

पण हे प्रथिन मिळवायचं कसं? जिवंत लेप्टो वाढवणं जोखमीचं, आणि तो वाढतोही फार सावकाश. म्हणून शास्त्रज्ञ त्या प्रथिनाची कृती, म्हणजे जनुक, घेतात आणि ई. कोलाय नावाच्या जंतूच्या प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी जातीत घालतात. विरजण लावल्यावर दही वाढतं, तसे हे जंतू उबदार द्रवात वाढतात आणि ते प्रथिन बनवतात. मग ते वेगळं काढून शुद्ध करतात. याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. नुसतं तूस पेरून रोप उगवत नाही, तसा नुसत्या या प्रथिनानं आजार होत नाही.

ही पद्धत आपल्या घरापर्यंत आधीच पोहोचली आहे. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट लस देतात. तिच्यातला कावीळ-बी चा भाग असाच, पण यीस्टमध्ये बनवलेला असतो. लिप-एल-32 मात्र औषध नाही, लसही नाही. ते संशोधनासाठी आणि तपासण्या तयार करण्यासाठी वापरतात. प्लेटच्या खळग्यात प्रथिन चिकटवतात, वर रक्तातला पाण्यासारखा भाग घालतात. त्यात प्रतिपिंडं असली तर ती प्रथिनाला धरतात, आणि पुढचं रसायन घातल्यावर रंग येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांत अशी तपासणी निगेटिव्ह आली, तरी आजार नाही असं समजू नका. लक्षणं आणि आपलं काम ऐकून डॉक्टर रिपोर्टच्या आधीही औषध सुरू करू शकतात. पण चिखलात काम केल्याचं आपण सांगितलं, तरच त्यांना कळेल.

म्हणून एवढं करा:

ताप, जोराची डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि सांगा, "मी आवणीला जाते."

डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, धाप लागली, तर थेट मोठ्या दवाखान्यात जा. गाडीभाड्यासाठी गटातून पैसे लगेच मिळतील, असा ठराव या बैठकीतच करून ठेवा.

जखम झाकून शेतात उतरा. घरी आल्यावर साबणानं हातपाय धुवा. धान्य आणि पाणी उंदरांपासून झाकून ठेवा.

प्रतिबंधाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर बायांनी आणि लहान मुलांसाठी तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

आवणी दोन दिवस थांबली तरी चालेल. तापाला थांबवून ठेवू नका.