सैनिकपत्नीची अभिव्यक्ती : पत्र आणि ओवी

पती दीर्घकाळ रणभूमीवर असताना मागे राहिलेल्या स्त्रीने तो काळ कसा निभावला, याचा शोध घेताना अभ्यासक प्रथम पत्रांकडे वळतो. पत्र म्हणजे पतिपत्नींमधील खाजगी संवाद, हे त्यामागील गृहीतक होय. पहिल्या महायुद्धकाळातील मराठी मुलखापुरते तरी ते तपासून घेणे आवश्यक आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ सैनिक त्या युद्धात कामी आले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथील शरणागतीनंतर त्यांतील कित्येक शिपाई तुर्कांच्या कैदेत पडले. इकडे १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम एक स्त्री साक्षर होती. साहजिकच आलेले पत्र मास्तर, पोस्टमन किंवा शिकलेला दीर वाचून दाखवी. ऐकावयास सासूसासरेही असत. उत्तरही परक्या हातानेच लिहिले जाई. दुसऱ्या टोकाला सरकारी तपासणी होती. फ्रान्समधील हिंदी सैनिकांच्या पत्रांची तपासणी १९१४ पासून होत असे आणि ती चुकविण्यासाठी काही जण हिंदी शिपायांना ‘काळी मिरी’ व गोऱ्यांना ‘तांबडी मिरी’ म्हणत.

दोन्ही टोकांना तिऱ्हाइताची नजर असल्याने पत्राची संहिता संकेतबद्ध होणे अपरिहार्य होते. मायना, क्षेमकुशल, पाऊसपाणी, गुराढोरांची खबर, मनीऑर्डर पोचल्याची वर्दी, एवढ्यातच ते संपे. या ठरीव मजकुराला रूक्ष ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. पेरणी उरकली, पैसे पोचले, या वार्तांतून घर उभे असल्याची ग्वाही मिळे. चारचौघांत जे उच्चारता येत नव्हते, त्याचा भार हे संकेत वाहत होते.

जात्यावरील ओवीची स्थिती याहून वेगळी आहे. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत ती गायिली जाते. ऐकणारी असलीच तर समोर खुंटा धरून बसलेली दुसरी स्त्री. पतीचे नाव न घेता ‘चुडा’, ‘कुंकू’ अशा शब्दांनी त्याच्याविषयीची काळजी तेथे बोलून दाखविता येते. शिवाय ओवी कोणा एकीच्या मालकीची नसते. त्यामुळे तिच्यात बोललेल्याचा जाब गाणारीला कोणी विचारीत नाही. संकेत येथेही आहेतच. परंतु पत्रातील संकेत मन झाकतात, तर ओवीतील संकेत ते उघड करण्यास आडोसा देतात.

अर्थात ओवीवर तिथी नसते; अमुक ओवी अमुक युद्धातील, असे सहसा सिद्ध करता येत नाही. तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे. या समाजात लिखित पत्र सार्वजनिक होते आणि गायिलेली ओवी अंतरंगातील. केवळ पत्रांवर विसंबणारा अभ्यासक सैनिकपत्नीच्या मौनालाच तिचे धैर्य समजण्याची शक्यता आहे. तिचे धैर्य आणि तिची भीती ही दोन्ही जाणून घ्यावयाची, तर पत्र व ओवी एकत्र वाचावी लागतील.