सवस्त्र मानवाकृती-आरेखन

जिवंत मॉडेल समोर बसवून वा उभे करून त्याच्या वेशभूषेसह जे रेखन केले जाते, त्यास सवस्त्र मानवाकृती-आरेखन म्हणतात. विवस्त्र मॉडेलच्या अभ्यासात शरीररचना प्रत्यक्ष दिसते. सवस्त्र अभ्यासात ती वस्त्राच्या आडून ओळखावी लागते. म्हणून वस्त्र हुबेहूब काढणे हा या अभ्यासाचा मुख्य हेतू नसून, वस्त्राच्या ताणातून व घडणीतून आतील शरीराची जाणीव करून देणे हा आहे. व्यक्तिचित्रण, कथाचित्रे, रंगभूमीवरील वेशभूषेची संकल्पचित्रे, ॲनिमेशनपट इ. क्षेत्रांत या अभ्यासाची गरज भासते.

इतिहास : यूरोपीय प्रबोधनकाळात वस्त्राच्या चुण्यांचा अभ्यास हा चित्रकाराच्या उमेदवारीचा नेहमीचा भाग होता. लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) हा मातीच्या मूर्तींवर ओल्या मातीत भिजविलेली फडकी पांघरून त्यांवरून अभ्यासचित्रे काढी, असे जॉर्जो व्हाझारी याने नमूद केले आहे. फ्रा बार्तोलोम्मेओ याने याच हेतूने सांधे वळणारा, माणसाएवढा लाकडी पुतळा वापरला. अशा पुतळ्यावरील चुणी अनेक दिवस जशीच्या तशी राहते, ही सोय खरी. परंतु श्वासोच्छ्‌वास, शरीराचा भार आणि थकवा यांनी वस्त्राला येणारा जिवंतपणा त्यावर आढळत नाही. फ्रेंच चित्रकार आंत्वान वातो (१६८४–१७२१) हा नाटकी पोशाख संग्रही ठेवून ते मॉडेलना घालावयास देई व त्यांची रेखाटने वह्यांतून जपून ठेवी. त्यांतील आकृती त्याने पुढे आपल्या रंगचित्रांत वेळोवेळी योजल्या.

कलाशिक्षणात सवस्त्र मॉडेलला स्त्रियांच्या दृष्टीने वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. लंडनच्या रॉयल अकादमीच्या स्थापनेत (१७६८) अँजेलिका काउफमान व मेरी मोझर या दोन चित्रकर्त्री सहभागी होत्या. तथापि योहान झोफनी याने १७७१-७२ मध्ये रंगविलेल्या, अकादमीच्या सदस्यांना विवस्त्र मॉडेलसमवेत दाखविणाऱ्या चित्रात त्या दोघी केवळ भिंतीवरील तसबिरींच्या रूपाने दिसतात. अकादमीच्या विद्यालयात पहिल्या विद्यार्थिनीला १८६० मध्ये प्रवेश मिळाला; परंतु विवस्त्र मॉडेलचा वर्ग विद्यार्थिनींना बंद राहिला. १८९३ मध्ये त्यांना अंशतः वस्त्रे ल्यालेल्या मॉडेलवरून अभ्यास करण्याची मुभा देण्यात आली. त्या काळी श्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या ऐतिहासिक व पौराणिक चित्रांसाठी शरीररचनेचे ज्ञान अनिवार्य असल्याने, पुरुष विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अभ्यासाची जी पुढची पायरी, तीच स्त्रियांच्या दृष्टीने कुंपण ठरली.

तंत्र : वस्त्राची घडण मुख्यतः दोन शक्तींवर अवलंबून असते. गुरुत्वाकर्षणाने वस्त्र खाली ओघळते आणि शरीराचे उंचवटे त्यास आधार देऊन ताणून धरतात. खांदा, कोपर, कंबर व गुडघा ही प्रमुख आधारस्थाने होत. चुण्या या स्थानांपासून निघतात. त्यामुळे चुणीचा उगम शोधला, की आतील सांध्याची जागा आपोआप कळते. अमेरिकन कलाशिक्षक जॉर्ज ब्रिजमन याने चुण्यांचे सात प्रकार मानले आहेत. दोन आधारांमधील झोळीसारखी, एका आधारावरून लोंबणारी नळीसारखी, वाकलेल्या अवयवावरील नागमोडी, अवयवास वेटोळणारी मळसूत्री आणि जमिनीवर पडलेल्या कापडाची निश्चल चुणी हे त्यांपैकी काही होत.

आरेखनाची बैठक सामान्यतः एक-दोन मिनिटांच्या जलद रेखाटनांनी सुरू होते. त्यांत शरीराचा झोक व भाराची दिशा यांवरच लक्ष देतात. पुढे १०, २० वा अधिक मिनिटांच्या स्थिती घेतात. प्रदीर्घ स्थितीत मॉडेलला ठराविक अंतराने विश्रांती देतात व पावलांच्या जागा खडूने वा चिकटपट्टीने आखून ठेवतात. विश्रांतीनंतर शरीर पूर्वस्थितीत आणता येते, परंतु चुण्या पूर्ववत पडत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या चुण्या एकाच बैठकीत रेखाटून घेणे इष्ट असते. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे नक्षी, गुंड्या व काठ यांत गुंतून आकृतीचा तोल विसरणे. यावर उपाय म्हणून प्रथम फिकट रेषांनी वस्त्राखालील शरीर आखून मग त्यावर वस्त्र चढवितात.

भारतीय वेशभूषा : न शिवलेल्या वस्त्रांमुळे भारतीय वेश या अभ्यासास विशेष उपयुक्त ठरतो. पाचवारी साडीच्या निऱ्या दोन्ही पायांना एकत्र झाकतात; त्यामुळे पायांची ठेवण पुढे आलेल्या गुडघ्यावरून ताडावी लागते. नऊवारी लुगड्याचा कासोटा पायांमधून मागे ओढून खोचलेला असल्याने प्रत्येक पायाचा आकार स्वतंत्रपणे व्यक्त होतो. पदराचा ओघ खांद्याचा उतार दाखवितो, तर फेट्याचे वेढे मस्तकाची गोलाई सुचवितात.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत १९२० च्या सुमारास विवस्त्र मॉडेलचा वर्ग सुरू झाला. याच संस्थेत शिकून पुढे तेथेच अध्यापन केलेल्या म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांतून विविध जातिजमातींच्या वेशभूषांचे सूक्ष्म निरीक्षण आढळते. सां. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती समई घेतलेल्या स्त्रीचे विख्यात जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी साडी नेसून त्यांची कन्याच उभी राहिली होती. बोटांतून झिरपणारा प्रकाश आणि त्यात उजळलेली वस्त्राची घडण यांचा मेळ त्यात साधला आहे.

आधुनिक काळात या अभ्यासाला नवी क्षेत्रे लाभली. वॉल्ट डिझ्नी यांच्या चित्रशाळेत १९३२ पासून डॉन ग्रॅहॅम यांनी ॲनिमेशनकारांसाठी मॉडेलवरून आरेखनाचे वर्ग घेतले. न्यूयॉर्क येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर स्केचीज’ या उपक्रमाने रंगमंचीय वेशातील कलावंतांवरून आरेखनाची सार्वजनिक बैठक लोकप्रिय केली. अशा बैठकींत भरजरी पोशाखाचे आकर्षण स्वाभाविक असले, तरी वेश हा तो धारण करणाऱ्या माणसापासून तोडून केवळ शोभेची वस्तू म्हणून रेखाटला, की आकृती निर्जीव होते. शिवाय निश्चल राहणे हे मॉडेलचे कष्टाचे काम असते आणि जड वस्त्रांनी ते अधिकच अवघड होते. त्याच्या शरीरावरील भाराची ही जाणीव रेषेत उतरणे, हीच सवस्त्र आरेखनाची खरी कसोटी होय.