नव्या संगणकाची खोबण

घरीं नवा संगणक जुळवावयाचा ठरला म्हणजे बहुतेकांचें लक्ष प्रथम प्रोसेसरकडे जातें. त्याचा वेग किती, त्यांत कोअर किती, अमक्यापेक्षां तमका सरस कीं नाहीं, ही चर्चा आठवडेच्या आठवडे चालते. परंतु सोयरीक जुळवितांना जाणतीं माणसें जसें घराणेंहि पाहतात, तसें येथेंहि करावें लागतें. कारण प्रोसेसर एकटा घरांत येत नाहीं. त्याच्यामागें मदरबोर्ड येतो, मदरबोर्डामागें रॅम येते, आणि पुढें एकाला बदलावयाचें झाल्यास उरलेल्या दोघांची संमति घ्यावी लागते.

या बंधनाचें मूळ मदरबोर्डावरील एका लहानशा चौकोनांत आहे. त्यास सॉकेट म्हणतात; मराठींत खोबण म्हणावें. इंटेल व एएमडी या दोन कंपन्यांच्या खोबणी निराळ्या असून एकीचा प्रोसेसर दुसरीच्या खोबणींत बसत नाहीं. एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या खोबणींतहि हाच बेबनाव आढळतो. तेव्हां खरा प्रश्न आज कोणता प्रोसेसर वेगवान हा नसून, या खोबणींत आणखी चार वर्षांनीं काय बसेल, हा होय.

एएमडीची एएम४ ही खोबण २०१६ सालीं आली व २०१७ मध्यें तिच्यासाठीं रायझन प्रोसेसर निघाले. आरंभींच मदरबोर्ड घेतलेल्या पुष्कळांना २०२२ मध्यें निघालेला रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच बोर्डावर बसवितां आला. तत्पूर्वीं बायोस तेवढी अद्ययावत करावी लागली. रॅम तीच, बोर्ड तोच, आणि यंत्र मात्र जणूं नवें! इंटेलची एलजीए १७०० ही खोबण २०२१ मध्यें आली. बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर तींत बसले, परंतु २०२४ च्या ऑक्टोबरांत कोअर अल्ट्रा आले ते एलजीए १८५१ ही निराळी खोबण घेऊनच.

यावरून इंटेल सर्वथा त्याज्य असें मात्र कोणीं समजूं नये. एएम५ ही एएमडीची २०२२ ची खोबण केवळ डीडीआर५ रॅम स्वीकारते, एलजीए १८५१ चेंहि तसेंच. एलजीए १७०० साठीं मात्र डीडीआर४ चे बोर्डहि निघाले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भयंकर चढले, तेव्हां ज्याच्या जुन्या यंत्रांत डीडीआर४ च्या चांगल्या पट्ट्या होत्या, त्याला एएम४ किंवा एलजीए १७०० चा मार्ग पुष्कळ स्वस्त पडला. ज्याला सर्वच नव्यानें घ्यावयाचें आहे व मध्यंतरीं केवळ प्रोसेसर बदलून भागवावयाचें आहे, त्यानें एएम५ घेणें अधिक शहाणपणाचें. तिला २०२७ पर्यंत व त्यापुढेंहि आधार देण्याचें एएमडीनें जाहीर केलें आहे.

जुना माल घेणाऱ्यानें एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांना अवाजवी व्होल्टेजमुळें इजा पोंचते, असें २०२४ मध्यें उघडकीस आलें. कंपनीनें नवा मायक्रोकोड दिला व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली; परंतु आधींच झालेली इजा मायक्रोकोडानें भरून येत नाहीं.

उष्णतेचाहि विचार हवा. कोअर आय९ १४९००के याची कमाल वीज २५३ वॅट सांगितलेली आहे. पत्रव्यवहार, हिशेब व मुलांचा अभ्यास एवढ्यासाठीं वैशाखांत बंद खोलींत अशी शेगडी कशाला पेटवावी? रायझन ५ ७६०० सारखा ६५ वॅटांच्या वर्गांतील प्रोसेसर या कामांना पुरून उरतो, व त्यांत चित्र दाखविण्याची सोयहि अंगचीच असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या नांवाअखेर एफ हें अक्षर असतें त्यांत ती नसते. निराळें ग्राफिक्स कार्ड न घेतल्यास पडदा कोराच राहतो.

एएम५ च्या खोबणींत १७१८ सूक्ष्म स्पर्शतारा असतात. प्रोसेसर तींत नुसता अलगद ठेवावयाचा. दाबल्यास तारा वांकतात व बोर्ड वायां जातो. पुढें प्रथम यंत्र सुरू केल्यावर कित्येक मिनिटें पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. रॅमची जुळणी चाललेली असते, आणि अधीर मनुष्य नेमका त्याच वेळीं घाबरून बटण दाबतो!