शिक्का, मोर्तब आणि प्रश्नचिन्ह

परवा पुतणी आली ती रडवेली होऊनच. सरकारी नोकरीसाठी निवड झालेली, कागदपत्रांची तपासणी चार दिवसांवर, आणि संगणकावर उघडलेल्या पदवी प्रमाणपत्रावर सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह! ‘‘काका, माझी पदवी खोटी ठरवतील का हो?’’

अक्कलकोटातल्या महाविद्यालयाच्या कचेरीत माझं आयुष्य गेलं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली. त्याआधी आमचा सगळा कारभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. एखाद्या सरकारी खात्याला पदवीबद्दल शंका आली, की टपालानं पत्र जायचं आणि उत्तराची वाट पाहण्यात उमेदवाराचा जीव टांगणीला. भरवसा कशावर? जावक क्रमांकावर आणि गोल शिक्क्यावर. रबरी शिक्का तर कुठंही बनवून मिळतो!

त्यापेक्षा जुने लोक हुशार. मोडीतल्या सरकारी पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब, म्हणजे खाली कुणाला ओळ घुसडता येऊ नये. डिजिटल सहीचं तत्त्व हेच, फक्त पहारा अक्षराअक्षरावर. संपूर्ण मजकुरातून संगणक एक आकडा काढतो आणि अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीनं तो बंद करतो. जाहीर किल्लीनं कुणीही तो पडताळावा. मजकुरातला एक काना बदलला तरी आकडा जुळत नाही.

पण ही किल्ली त्याच अधिकाऱ्याची, हे कुणी सांगायचं? २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं त्यासाठी परवानाधारक प्रमाणन संस्था आल्या आणि त्यांच्यावर दिल्लीचे नियंत्रक. भरवशाचं मूळ तिथं. पुतणीच्या संगणकाला ते मूळच ओळखीचं नव्हतं, म्हणून प्रश्नचिन्ह! डिजिटल सातबाऱ्यावरही अनेकांनी ते पाहिलं असेल. ‘खोटं’ नव्हे, ‘मी यांना ओळखत नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

अर्थात मूळच डळमळलं तर? तसंही घडलंय. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. नियंत्रकांनी त्या यंत्रणेची प्रमाणपत्रं रद्द केली. गूगलनं तर आपल्या ब्राउझरमध्ये भारतीय मुळाचा भरवसा सरकारी, विद्यापीठांच्या आणि इतर मोजक्याच पत्त्यांपुरता मर्यादित ठेवला. गणित चुकलं नव्हतं. प्रमाणपत्रं देणाऱ्या घराचा दरवाजा नीट लावलेला नव्हता.

पुतणीच्या संगणकात नियंत्रकांचं मूळ प्रमाणपत्र बसवलं, सही पुन्हा तपासली आणि हिरवी खूण उमटली. पोरीचा चेहरा खुलला.

तपासणीच्या दिवशी मी सोबत गेलो. तिथल्या साहेबांना छापील प्रतच हवी होती. कागदावर छापली की ही सही म्हणजे नुसतं चित्र उरतं, हे मी समजावलं. डिजिलॉकरमधून मिळालेला कागद २०१७ च्या नियमदुरुस्तीनं मूळ कागदाच्या तोडीचा ठरलाय, तेही सांगितलं. त्यांनी अखेर फाइल संगणकावर उघडली, पाहिली, मान डोलावली.

मग शिपायाकडून एक झेरॉक्स काढवून घेतली आणि तिच्यावर गोल शिक्का मारला.