गुलाबी वाळूचं बार्बुडा: जिथे किनारा रिकामा आहे, पण वाद मोठा आहे

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते क्रिकेट. सर व्हिव्हियन रिचर्ड्स ज्या अँटिग्वाचे, त्याच देशाच्या नावात आणखी एक बेट आहे, जे आपण घाईत उच्चारून पुढे जातो. देशाचं पूर्ण नाव अँटिग्वा आणि बार्बुडा. आज आपण या ‘आणि’च्या पुढच्या बेटावर जाणार आहोत.

बार्बुडा जेमतेम १६० चौरस किलोमीटरचं. वस्ती दोन हजारांच्याही आत. गाव एकच, कॉड्रिंग्टन. डोंगर म्हणावं असं काही नाही, सगळं बेट चुनखडीचं आणि सपाट. रस्त्यावर माणसापेक्षा मोकाट गाढवं जास्त भेटतात म्हणे! पण बेटाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला जे आहे, त्यासाठी लोक अर्धं जग ओलांडून येतात.

तिथल्या किनाऱ्याचं नावच ‘सेव्हंटीन माइल बीच’. एका बाजूला फिरोजी रंगाचं पाणी, दुसऱ्या बाजूला कॉड्रिंग्टन लगून म्हणजे खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आणि मधे वाळूची लांबच लांब पट्टी. लाटांच्या रेषेजवळ ही वाळू चक्क फिकट गुलाबी दिसते. तो रंग समुद्रातल्या अगदी बारीक गुलाबी शिंपल्यांच्या चुऱ्याचा. भेळवाला नाही, घोडागाडी नाही, सेल्फी पॉइंटचा बोर्ड नाही. झाडाची सावलीसुद्धा फारशी नाही, त्यामुळे टोपी, पाणी आणि खाऊ सोबत हवाच. दक्षिणेकडचा एक किनारा प्रिन्सेस डायनाच्या नावाने ओळखला जातो. कॅमेऱ्यांपासून लांब, मुलांना घेऊन ती इथे सुट्टीला यायची. कॅमेऱ्यांपासून पळायला इतकी चांगली जागा दुसरी कुठली असणार!

जायचं कसं? भारतातून थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेमार्गे अँटिग्वा गाठायचं आणि तिथल्या सेंट जॉन्सहून फेरी पकडायची. साधारण दीड तासाचा प्रवास. मधला समुद्र उसळलेला असतो, गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते तिकीट काढण्याआधी तपासा. चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, भाषा इंग्रजी. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा, छान काळ. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम.

आणि या बेटावर ‘चक्रीवादळ’ हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. ६ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे ‘इर्मा’ थेट बार्बुडावरून गेलं. पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं वादळ, ताशी जवळपास २८५ किलोमीटर वाऱ्याचं. बहुतेक सगळी घरं मोडली. एक दोन वर्षांचं मूल दगावलं. त्यात ‘होजे’ नावाचं दुसरं वादळ मागोमाग येताना दिसलं आणि सरकारने अख्खं बेट रिकामं केलं. सगळी माणसं अँटिग्वाला. मागे राहिली कुत्री, गाढवं, घोडे. शतकानुशतकं वस्ती असलेलं बेट काही दिवसांत निर्मनुष्य झालं. सरोवर आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टीही समुद्राने फोडली.

माणसं हळूहळू परतली, पण परतल्यावर वेगळाच प्रश्न उभा होता. बार्बुडातली जमीन कुणा एकाच्या मालकीची नसते. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली, त्यानंतर इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन सामाईक वापरली. आपल्याकडच्या गायरानासारखी, फक्त अख्ख्या बेटाएवढी! २००७ च्या कायद्याने या पद्धतीवर शिक्कामोर्तबही केलं. इर्मानंतर मात्र सरकारने खाजगी मालकीचा रस्ता मोकळा करायला घेतला. कारण दिलं पुनर्बांधणीचं. श्रीमंतांसाठी बंगले, गोल्फ कोर्स, नवा विमानतळ अशी कामं सुरू झाली. हॉलीवूडचे रॉबर्ट डी नीरो यांच्या रिसॉर्टसाठी तर २०१५ मध्येच खास कायदा झाला होता. विमानतळाविरुद्ध दोन बार्बुडावासी कोर्टात गेले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचलं आणि २०२४ मध्ये निकाल लागला की या दोघांना दाद मागण्याचा हक्क आहे.

सरकारचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. रोजगार हवा, पैसा हवा. पण घरावर छप्पर नसलेल्या माणसाला जमिनीच्या कायद्यावर मत विचारायची ती वेळ होती का? मला नाही वाटत.

आपल्यासारख्या पाहुण्याच्या हातात एक गोष्ट नक्की आहे: पैसे कुणाला द्यायचे ते ठरवणं. कॉड्रिंग्टनमध्ये गावकऱ्यांची साधी गेस्टहाऊस आहेत. तिथे उतरा, त्यांच्याच हातची ताजी लॉब्स्टर खा. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर भात आणि कोशिंबिरीवर दिवस काढावे लागतील. उत्तर-पूर्वेला टू फूट बेच्या गुहांमध्ये मूळ रहिवाशांनी दगडात कोरलेली चित्रं आहेत. त्यातल्या एका गुहेचं नाव ‘इंडियन केव्ह’! आपला संबंध नाही हं, ही सगळी कोलंबसच्या गैरसमजाची कृपा.

लहान मुलं सोबत असतील तर मात्र एक गोष्ट चुकवू नका: गावातल्या वाटाड्याच्या छोट्या होडीतून सरोवरातल्या फ्रिगेट पक्ष्यांकडे जाणं. खारफुटीच्या झुडपांवर हजारोंनी बसलेले हे काळे पक्षी कॅरिबियनमधल्या सर्वांत मोठ्या वसाहतीतले. यांची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून समुद्रपक्षी असून ते पाण्यावर बसत नाहीत. दुसऱ्या पक्ष्यांच्या चोचीतला मासा हवेतच पळवतात. सप्टेंबर ते एप्रिल हा त्यांचा विणीचा हंगाम. तेव्हा नर गळ्याखालची लालभडक पिशवी फुग्यासारखी फुगवून मादीला बोलावत असतात. इर्माने ही खारफुटी पार झोडपली होती, पक्षी गायब झाले होते. बेटावर माणसं परतत होती त्याच दिवसांत तेही परत येऊन उघड्या फांद्यांवर बसायला लागले. आता होडी जवळ गेली तरी ते हलत नाहीत, मान वळवून बघतात फक्त.