काट्याची नोंद किती दिवस टिकते?



गेल्या आषाढात आपले एक सभासद ऊसबिलाची तक्रार घेऊन कारखान्यावर आले. पौषातल्या एका रात्री त्यांची ट्रॅक्टरची खेप काट्यावर आली होती. बिलात त्या खेपेचं वजन ११.३२० टन लागलं होतं. त्यांच्या म्हणण्यानं ते १४.३२० होतं. स्लिप दाखवायची म्हटली तर ती पावसात भिजून आकडे पसरलेले. तीन टनांचा फरक, म्हणजे लहान खातेदाराच्या एका लागणीच्या खताचा हिशेब!

चौकशीत कळलं, की त्या रात्री काटा आणि शेतकी ऑफिस यांच्यामधली संगणकाची लाइन काही वेळ बंद होती आणि ते आकडे नंतर हातानं भरले गेले. मग संगणक विभागातल्या त्या पेटीकडे आम्ही धावलो, जी काटे, गट ऑफिसं आणि हिशेब विभाग यांच्यामधल्या लाइनवर रात्रंदिवस पहारा करते. तिच्यात काय निघावं? फक्त मागच्या अकरा दिवसांची नोंद. पौषातलं सगळं पुसलेलं! शेवटी वाहतूकदाराच्या डायरीत स्लिपची कार्बन कॉपी सापडली आणि बिल दुरुस्त झालं. पण ती कॉपी नसती तर? या प्रश्नानं आम्हाला गप्प बसू दिलं नाही.

आधी ही पेटी करते काय ते पाहू. लाइनवरून जाणाऱ्या प्रत्येक निरोपाची एक नक्कल तिच्याकडे येते. निरोप कुठून निघाला, किती वाजता निघाला, पोचला की वाटेत अडला, हे ती लिहून ठेवते. वजन खरं की खोटं हे ती सांगत नाही, ते काम वजनमापे खात्याच्या तपासणीचं. पण लाइन केव्हा तुटली आणि कोणत्या खेपा हातानं भराव्या लागल्या, याची ती साक्षीदार आहे. साक्षीदाराची आठवण मात्र अकरा दिवसांची!

असं का? हिशेब सोपा आहे. लाइनवर सेकंदाला सरासरी चार मेगाबिट माहिती वाहते असं धरा. दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट होतात. पेटीतली डिस्क ५०० गिगाबाइटची. म्हणजे साडेअकरा दिवसांत ती भरते, आणि मग नवी नोंद लिहायला सर्वांत जुनी नोंद पुसली जाते. १५० दिवसांच्या हंगामाला साडेसहा हजार गिगाबाइट जागा लागेल.

म्हणून पेटीला बाहेरून डिस्कांचं कपाट जोडायचं. चार-चार हजार गिगाबाइटच्या आठ डिस्क घेतल्या आणि दोन डिस्कांइतकी जागा राखीव ठेवली, तर चोवीस हजार गिगाबाइट हाती उरतात. एवढ्यात जवळजवळ दीड वर्षाची नोंद मावते. राखीव जागेचा उपयोग असा, की एकाच वेळी दोन डिस्क बिघडल्या तरी अक्षरही जात नाही. बिघडलेली डिस्क मात्र लगेच बदलायची, दुर्लक्ष केलं तर तिसरी बिघडायला वेळ लागत नाही.

जोडताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, कपाट त्या पेटीला चालतं का, हे बनवणाऱ्याच्या यादीत पाहून मगच घ्यायचं. दुसरी, जोडताना डिस्क नव्यानं आखली जाते आणि तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा जुनी नोंद आधी दुसरीकडे उतरवून घ्यायची. तिसरी, कपाटाची वायर पेटीला थेट लावायची किंवा वेगळ्या लाइननं न्यायची. पहाऱ्याच्याच लाइनवरून नेली तर पेटी स्वतःचंच लिहिणं पुन्हा लिहीत बसेल! चौथी, चालू करताना आधी कपाट, मग पेटी. बंद करताना आधी पेटी, मग कपाट.

आणखी एक. डिस्कचा लिहिण्याचा वेग कमी पडला तर काय होतं, हे आपल्याला गव्हाणीवरून कळेल. गव्हाण संथ चालली की अड्ड्यावर गाड्यांची रांग लागते. पण गाड्या थांबतात तरी. लाइनवरचे निरोप थांबत नाहीत, ते नोंदीतून गळून जातात.

जपून ठेवलेल्या नोंदीची किंमत आपल्या भागाला नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. त्या पहाटे धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या यंत्रानं धक्क्याचा आलेख टिपला. तो आलेख हाती राहिला म्हणूनच जगभरच्या अभियंत्यांनी काँक्रीटची धरणं भूकंपात कशी हलतात हे त्यावर पडताळून पाहिलं. कोयना परिसरात आजही भूकंपमापकं बसलेली आहेत, काही तर खोल विंधन विवरांत. सेकंदाला शंभर वेळा, तीन दिशांनी मोजणारं एक यंत्र दिवसाला शंभर मेगाबाइटच्या आसपास नोंद करतं. आकडा लहान वाटतो, पण ती वर्षानुवर्षं जपायची असते.

दुसरा धडा सांगलीचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि किती दुकानांच्या, ऑफिसांच्या वह्या नि संगणक पाण्याखाली गेले ते आपण पाहिलं. म्हणून डिस्कांचं कपाट हे एकच ठिकाण पुरत नाही. नोंदीची एक प्रत वेगळ्या इमारतीत, उंच जागी हवीच. कपाटातली राखीव जागा डिस्कच्या बिघाडाला पुरते. आगीला, पुराला, चोरीला नाही.

या नोंदीत आपले खातेक्रमांक आणि बँकेची माहितीही जाऊ शकते. तेव्हा कपाटाला कुलूप, नोंद उघडायला दोघांची परवानगी, आणि कुणी केव्हा उघडली याचीही नोंद, असा नियम असावा असं आम्हाला वाटतं. सभासदाच्या तक्रारीसाठी मात्र ती उघडायला टाळाटाळ होऊ नये.

शेवटी आपल्या हातातलं सांगतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. बिल आलं की त्याच दिवशी प्रत्येक खेपेची स्लिप बिलाशी ताडून पाहा. फरक दिसला तर आषाढाची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात गट ऑफिसला लेखी द्या. आणि स्लिप खिशात नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कारखान्याची नोंद टिकवणं कारखान्याचं काम, आपली नोंद टिकवणं आपलं. दोन्ही नोंदी जागेवर असल्या म्हणजे काट्यावरून भांडण उरत नाही.