भातगिरणीचा हादरा आणि घराची जमीन

पेण व रोहे या तालुक्यांत भात हे प्रमुख पीक असून पेणच्या पोह्यांची ख्याती जुनीच आहे. पूर्वी कांडप घरच्या उखळात होई. मुसळाच्या घावाचा जोर चोपून सारवलेल्या मातीच्या जमिनीत बराचसा जिरून जाई. आता पडवीत विजेवर चालणारा लहान हलर दिसतो आणि जमीन फरशीची किंवा काँक्रीटची असते. अशा कठीण, सलग जमिनीतून यंत्राचा कंप थेट भिंतींत चढतो. फडताळातील भांडी वाजू लागतात आणि माजघरात आजारी माणसाला डोळा लागत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. तेव्हा शेजाऱ्याची तक्रार हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे.

हवेतून येणारा आवाज व जमिनीतून येणारा कंप यांवरील उपाय भिन्न आहेत. आवाज अडविण्यास जड भिंत व घट्ट बसणारे दार लागते. कंप मात्र यंत्र व जमीन यांमध्ये लवचीक थर घालूनच तोडावा लागतो. काथ्याची चटई पावलांचा आवाज कमी करते. म्हणून ती यंत्राखालीही चालेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही.

मिनिटास 1440 फेरे घेणारी मोटर सेकंदास 24 वेळा हादरा देते. तो पुरेसा अडवावयाचा तर खालचा थर यंत्राच्या भाराने सुमारे 4 मिलिमीटर दबला पाहिजे. पातळ चटई इतकी दबतच नाही. यंत्राची गती जितकी मंद, तितका थर अधिक दबावा लागतो. मिनिटास 600 फेऱ्यांच्या यंत्रास हे दबणे 22 मिलिमीटरच्या घरात जाते व तेथे पोलादी स्प्रिंगाच घालाव्या लागतात. थराची निवड चुकल्यास कंप घटण्याऐवजी वाढतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

मोटरीसारख्या जलद यंत्रास जाड रबराच्या किंवा बुचाच्या गाद्या उपयोगी पडतात. नैसर्गिक रबर तेलाने खराब होते, म्हणून वंगण सांडू देऊ नये. भाताचे तूस फुकट मिळते खरे, परंतु कोकणच्या पावसाळ्यात ते ओल धरते व दबून बसते. फरशीखाली ते पसरू नये.

नवी जमीन करताना यंत्राचा काँक्रीटचा पाया स्वतंत्र घ्यावा आणि तो व घराची फरशी यांत चारही बाजूंनी फट राखावी. काम आटोपताना गवंडी सवयीने ही फट सिमेंटने बुजवून टाकतो. तसे झाल्यास कंपास पुन्हा वाट मिळते व केलेला खर्च वाया जातो. म्हणून त्या वेळी घरधन्याने स्वतः हजर राहावे आणि फटीत काथ्याचा दोर ठासून वरून डांबर भरून घ्यावे.